एक्केचाळीस दावी

संग्रहालयातल्या माझ्या त्या कामाखालच्या पाटीवर 'एक्केचाळीस दावी' असं छापलंय. मोजायला गेलात तर चाळीसच भरतात. इतक्या वर्षांत एकाही शहाण्यानं ती मोजली नाहीत. मोठमोठे जाणकार आले, हनुवटीला हात लावून उभे राहिले, 'अवकाश', 'अनुपस्थिती' असलं काहीबाही बोलून कॉफी प्यायला गेले. एका अर्थी बरंच झालं म्हणा. एक्केचाळीसावं कुठंय असं कुणी विचारलं असतं तर मला सांगावं लागलं असतं, आणि ते मी आजवर बायकोलासुद्धा धड सांगितलेलं नाही.

आधी दावं म्हणजे काय ते सांगतो. जनावराच्या गळ्यात बांधून खुंट्याला अडकवायची दोरी म्हणजे दावं. एका टोकाला गळ्याएवढं कडं, दुसरं टोक खुंट्याला. आमच्या बालाघाटाच्या पट्ट्यात ते अंबाडीचं असतं. आणि आमच्याकडं जनावर विकलं तरी दावं विकत नाहीत. बाजारात सौदा झाला की घेणारा आपली दोरी घालतो आणि विकणारा आपलं दावं सोडून खांद्यावर टाकून घरी आणतो. ते धुवायचं नाही, तसंच गोठ्यातल्या भिंतीच्या खुंटीला अडकवायचं. दावं घरात असलं की त्याच्यामागं जनावर येतं. गेलेलं येत नाही, दुसरं येतं, पण येतं. कॉलेजात असताना मी मायला सुनावलं होतं की ही अंधश्रद्धा आहे. ती म्हणाली, "आसू दे की. तुला काय खायला मागती का ती?"

माय गावात एकटी राहायची. वडील मी शिकत असतानाच गेले. मी शहरात, शिल्पकलेच्या शाळेत मास्तर. जुन्या वस्तू गोळा करायच्या, त्यांच्यातून काहीतरी उभं करायचं आणि त्याला कला म्हणायचं हा माझा धंदा. पाटे, सुपं, कणग्या, मोटेची चाकं, काय काय म्हणून मी उभं केलं नाही. माय माझ्या कामाला 'भंगार' म्हणायची, तेही मायेनं. "यंदा कसलं भंगार मांडलंस रं?" असं फोनवर विचारायची.

तिची एक गाय होती, तांबडी. गावात दूध सोसायटी निघाली तेव्हापासून माय सभासद. सकाळी किटली घेऊन सोसायटीत जायचं, दूध घालायचं आणि तिथंच अर्धा तास गप्पा हाणायच्या, हा तिचा दिवसाचा मानाचा भाग होता. त्या खोलीत बायकांना बाकड्यावर बसायला मिळायचं. गावात दुसरीकडं कुठं मिळायचं नाही. ज्या घरात दुभती गाय, त्या घरची बाई दिवाळीनंतर ऊस तोडायला जात नसे, एवढी त्या सोसायटीची किंमत होती.

मग लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. बीडला जाताना पालीचं धरण लागतं, त्याच्या तळात पोरं क्रिकेट खेळायला लागली. सोसायटीचे कॅन पालथे पडले. चेअरमन गावातले मोठे बागाईतदार, राजकारणातले, त्यांनी सोसायटीच्या नावावर माळावर जनावरांची चारा-छावणी लावली. माय तांबडीला घेऊन तिथं राहायला गेली. चार बांबू, वर जुनं लुगडं, खाली ती आणि गाय. चार महिने राहिली. मी एकदा भेटायला गेलतो. मला म्हणाली, "हितं लई बरं हाय. समदं गाव हितंच हाय." केस मातीनं भुरे झालेले, ओठ फुटलेले, आणि म्हणे बरं हाय.

ऐन उन्हाळ्यात छावणी बंद झाली. चारा संपला, वरून येईना, एवढंच कळलं. मायचा फोन आला. "आता काय करू रं?" मी वर्गात होतो. म्हणालो, "कशाला ठेवतीस तिला? विकून टाक आणि इकडं ये." उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं! तिनं फोन ठेवला. आठवडी बाजारात तांबडी गेली. घेणारा कोण, कुठला, हे तिनं विचारलं नाही. विचारलं की कळतं.

त्यानंतर महिन्याच्या आत पाऊस झाला. बैल गेला न् झोपा केला, म्हणतात ते असं.

मी गावी गेलो तेव्हा गोठ्याच्या भिंतीवर ते दावं लटकत होतं. कड्याच्या आतल्या बाजूला तांबडे केस अडकलेले. शेजारच्या मावशीकडं गेलो, तिथं दोन दावी. मावशी म्हणजे नात्यानं कुणी नव्हे, सगळ्या गावाची मावशी. चेअरमनच्या वाड्यामागं गेलो, तिथं ओळीनं अकरा. ज्या घरात जाईन तिथं रिकामा खुंटा आणि वर लटकलेलं दावं. आणि खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. पोटातून आनंद झाला. प्रदर्शनाची तारीख जवळ आली होती, डोक्यात काही नव्हतं, आणि इथं अख्खं गाव माझं काम भिंतीवर टांगून बसलं होतं. ही सगळी दावी एका मोठ्या पांढऱ्या दालनात मांडायची. खुंट्याला बांधलेलं एक टोक आणि दुसरं टोक हवेत, गाईच्या मानेच्या उंचीवर, ताणलेलं. कडं रिकामं. जनावर दिसायचं नाही पण ओढ दिसायची. आजही सांगतो, कल्पना उत्तम होती. तीच तर सगळी पंचाईत आहे.

दावी मात्र कुणी देईना. मी घरोघर फिरलो. लोक चहा पाजत, हसत आणि नाही म्हणत. एकानं तर विचारलं, "आमचं दावं तिकडं टांगल्यावर जनावर तिकडंच यायचं का मग?" त्याला मी काय सांगणार!

शेवटी माय उठली. तिनं सोसायटीच्या रिकाम्या खोलीत सगळ्या सभासदांना बोलावलं. स्वतः बाकड्यावर बसली, मला खाली बसवलं. म्हणाली, "माझं पोरगं हाय. वंगाळ न्हाई. तिकडं लोकांना दाखवायचं म्हनतंय की आमच्यावर काय येळ आलती. वसुबारसेच्या आत समदी दावी परत हितंच आनून दील. मी जामीन."

मावशीनं विचारलं, "आन् न्हाई आनून दिली तर?"

"तर माझ्या दारात यून बस."

लोक हसले. दुसऱ्या दिवसापासून दावी यायला लागली. मायनं प्रत्येकाकडून एकेक चिंधी मागून घेतली, ज्याच्या त्याच्या घरातल्या लुगड्याची नाहीतर धोतराची, आणि ज्याच्या त्याच्या दाव्याला बांधली. मी हसलो, म्हणालो, "माय, सगळी तर सारखीच आहेत." ती म्हणाली, "तुला सारखी दिसत्यात." मग गाठ मारता मारता सांगत राहिली की ही सगळी गावातल्या एकाच माणसाच्या हातची आहेत, तो दोर वळणारा डावखुरा होता, दुष्काळाच्या आदल्या वर्षी गेला, आता तसं वळणारं कुणी उरलं नाही. मी हूं हूं करत होतो. डोक्यात दालनातला उजेड कुठून सोडायचा याचा हिशोब चालला होता. चाळीस झाली. मग गोठ्यात जाऊन तिनं स्वतःचं आणलं, कड्यातल्या केसांवरून एकदा बोट फिरवलं आणि ढिगावर ठेवलं.

शहरात आलो, बाभळीचे खुंटे ठोकले, दावी बांधली. ती लोळली. लोळणारच, दोरी आहे ती, जनावर नसल्यावर दोरी कशाला ताठ उभी राहील? वरून दोऱ्यानं टांगली तर दोरा दिसायचा. आत तार घातली तर वेडीवाकडी व्हायची, साप निघाल्यासारखी. पंधरा दिवस डोकं फोडून घेतलं. उपाय पहिल्या दिवसापासून माहीत होता. रेझिन. दावं टांगून ताणायचं, वरून रेझिन पाजायचं, वाळू द्यायचं, मग वरचा दोरा कापायचा. दगडासारखं उभं राहतं. फक्त ते पुन्हा दोरी होत नाही.

मला ते ठाऊक होतं. 'नकळत झालं' असं मी म्हटलं तर तोंडात मारा माझ्या. डबा उघडून हातात ब्रश घेऊन मी बराच वेळ उभा होतो. मनाला समजावलं की ही काय, जुनीपुराणी दोरी, नवी वळून देऊ सगळ्यांना, चांगली देऊ. त्यांना काय, दोरीशी मतलब. मग चिंध्या सोडून बाजूला ठेवल्या, कारण रंगीत चिंध्या त्या पांढऱ्या दालनात डोळ्याला खुपत होत्या, आणि पहिला हात मारला मायच्याच दाव्यावर. आपल्या घरापासून सुरुवात केली की पाप कमी लागतं असं वाटलं असेल मला. एक दावं मापात बसेना, त्याचं टोक चार बोटं कापलं.

प्रदर्शन गाजलं. खोटा विनय करत नाही, लोक दारातच थबकत. एक बाई रडली. पेपरात फोटो आला, तो चेअरमननी कापून सोसायटीच्या भिंतीवर चिकटवला. एका संग्रहालयानं काम ठेवून घ्यायचं ठरवलं, पाटीसुद्धा छापून आली. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, पण इथं खाणारे लई गोड म्हणत होते आणि मी मिशीवर ताव देत होतो.

मग मायचा फोन. आवाज हरखलेला. "आरं, सोसायटी परत सुरू व्हायलीय. कंधारकडून गाई यायल्यात. सभासदाला एकेक. वसुबारसेला वाटप हाय. ज्यानं त्यानं आपलं दावं आनायचं. लोक इचारायलेत, कवा आनतूस?"

मी म्हणालो, आणतो.

अंबाजोगाईच्या रस्त्यावर एका गावात दोर वळणारे एक म्हातारे आहेत असं कळलं, त्यांच्याकडं गेलो. तो कापलेला, रेझिननं कडक झालेला चार बोटांचा तुकडा त्यांच्या हातात दिला. म्हटलं, "बाबा, अशी एक्केचाळीस दावी पाहिजेत." त्यांनी तो तुकडा उलटसुलट केला, नखानं टोकरला. म्हणाले, "ह्याचा पीळ उलटा हाय साहेब. डाव्या हातचा. मला उलटा जमायचा न्हाई."

"सुलटा चालेल. कोण बघतंय?"

म्हातारे माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "बघत कुनी न्हाई. हाताला लागतंय."

पण वळून दिली त्यांनी. पुढचं काम माझं, आणि त्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. उभा जन्म मी नव्याला जुनं दाखवण्यात घालवलेला. चहाची पावडर उकळून रंग चढवला, शेण-माती चोळली, दगडावर घासून तंतू काढले, दोन दिवस एका तबेल्यात टांगून वाससुद्धा आणला. मग प्रत्येकाला ज्याची त्याची खरी चिंधी बांधली. कोणती चिंधी कुणाची हे मात्र मी नीट लिहून ठेवलं होतं. केवढा प्रामाणिक माणूस!

वसुबारसेच्या आठवडाभर आधी गावी पोचलो. सोसायटीच्या खोलीत पोतं सोडलं. सगळे जमले होते. भिंतीवर माझा फोटो. माय बाकड्यावर, नवं लुगडं नेसलेली. मी एकेक दावं काढून चिंधी बघून देऊ लागलो.

पहिलं मावशीला दिलं. तिनं ते हातात घेतलं, अंगठा पिळावरून एकदा खाली नेला, थांबली, पुन्हा वर आणला. मग माझ्याकडं न बघता मायकडं बघितलं आणि दावं मांडीवर ठेवलं. दुसऱ्यानं घेतलं. त्याचाही अंगठा तसाच खाली गेला आणि थांबला. मी देत गेलो. खोलीत बोलणं कमी कमी होत गेलं. चाळीस दावी वाटून झाली तेव्हा तिथं बाहेरच्या कोंबड्यांचा आवाज ऐकू येत होता. "चला, आलं बाबा दावं," असं एक-दोघं म्हणाले आणि उठले. मायची अब्रू राखायला तेवढी माणसं गप्प राहिली, हे मला तिथंच कळलं. मला ओरडून सांगावंसं वाटलं की शिव्या द्या, काहीतरी म्हणा. पण मी पोत्यात पुन्हा हात घातला.

शेवटचं मायचं. तिनं ते घेतलं, कड्याच्या आत बोट घातलं. केस नव्हते. केस बसवायचं मी विसरलो होतो.

घरी आल्यावर तिनं विचारलं, "खरी कुठं हायती?" मी सांगितलं. ती चुलीपुढं बसून ऐकत होती.

"समदी?"

"सगळी."

"पान्यात टाकल्यावर?"

"न्हाई माय. ते निघत न्हाई."

ती उठली. मला भाकरी वाढली, ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून लोक यायला लागले. माय उंबऱ्यात बसलेली. एकेक जण यायचा, आपली चिंधी सोडून खिशात टाकायचा, दावं ओट्यावर ठेवायचा आणि जायचा. "राम राम" म्हणायचा तेवढंच. चेअरमन स्वतः अकरा घेऊन आले. त्यांनी तेवढं तोंड उघडलं. मला म्हणाले, "तुमचं तुमाला. पेपरात चांगला आलाय बरं का फोटो." सगळ्यांत शेवटी मावशी आली. तिनं दोन दावी ठेवली आणि ओट्यावरच बसली. ऊन डोक्यावर येईस्तोवर बसून राहिली. माझ्या दारात येऊन बस, असं माय म्हणाली होती ना. दोघी एकमेकींकडं बघतही नव्हत्या. मग मावशी गुडघ्यावर हात देऊन उठली आणि गेली.

माय म्हणाली, "माझं तरी आन. बघू."

मी शहरात परत गेलो. दुरुस्ती करायचीय असं सांगून मायचं दावं त्या कामातून काढलं, खुंट्यासकट. उरली ती चाळीस. कुणी विचारलं नाही.

मी ते घरी आणलं तेव्हा मायनं पहिल्यांदा त्याला हात लावला आणि लगेच मागं घेतला. मग घंगाळ भरलं, त्यात ते घातलं. ज्या घरात दोन उन्हाळे तांब्याभर पाण्यात आंघोळ झाली, तिथं तिनं घंगाळ भरून पाणी एका दोरीसाठी ठेवलं. मी म्हणालो, "माय, उपयोग नाही." ती म्हणाली, "आंबाडी हाय रं ती. पान्यात कुजल्याबिगर तिचा दोराचा वाख निघत न्हाई. पान्यातच जन्म झालाय तिचा." पाच दिवस. रोज सकाळी पाणी बदलायची, राख घालायची, रिठा घालायची, अंगठ्यानं दाबून बघायची. पाणी तसंच नितळ. दावं तसंच वाकलेलं, कडं वर करून, घंगाळाबाहेर डोकं काढून बसलेलं. मी त्या घरात पाच दिवस तोंड लपवून वावरलो. एकदा वाटलं, तिनं मला दोन ठेवून द्याव्यात. लहानपणी देत असे. त्या वेळी नाही दिल्या.

वसुबारसेला सोसायटीपुढं टेम्पो लागला. लाल गाई उतरल्या, एकीला वासरू. लोक दुकानातून निळ्या नायलॉनच्या दोऱ्या घेऊन आले होते. सगळ्या निळ्या, कोऱ्या, चकचकीत. नाव पुकारलं की माणूस पुढं व्हायचा, गाईच्या गळ्यात दोरी घालायचा, बायको हळदकुंकू लावायची. माय मागं उभी होती. काखेत ते कडक दावं. मी तिला घरी सांगून सांगून थकलो होतो.

तिचं नाव आलं. ती पुढं गेली. गाईच्या तोंडापुढं उभी राहून दोन्ही हातांनी ते कडं उचललं. दाव्याचं कडं गळ्यात घालायला गाठ सोडावी लागते. ती गाठ आता दगड झाली होती. माय अंगठे लावून ती सोडवायला बघत होती, एवढ्या माणसांत, नखं दुखेपर्यंत. मग तिनं कडं तसंच वरून घालायला बघितलं, ते शिंगाला टक्कन लागलं आणि गाय बिचकून मागं सरली. चेअरमननी कुणाकडून तरी एक निळी दोरी घेऊन तिच्यापुढं धरली.

"नगं," माय म्हणाली. "ज्याचं दावं न्हाई त्यानं जनावर न्हेऊ न्हाई. पुढच्याला द्या."

लोकांनी पुष्कळ समजावलं. मावशीनं हात धरला. ती कुणाचं ऐकेना. गाय पुढच्या नावाला गेली. त्या दिवसानंतर मायनं सोसायटीत पाऊल टाकलं नाही. कडक दावं तिनं गोठ्यात खुंटीला अडकवलं, पण ते लटकेना, भिंतीपासून लांब ताठ उभंच राहिलं. ओट्यावरची खोटी दावी पोत्यात भरून तिनं गोठ्याच्या कोपऱ्यात टाकली. फोनवर माझ्याशी बोलायची, पाऊस, तब्येत, नातवंडं. यंदा कसलं भंगार मांडलंस, असं मात्र पुन्हा कधी विचारलं नाही. मी वाट बघायचो त्या प्रश्नाची.

दोन वर्षांनी, उसाच्या हंगामात, माय अंबाजोगाईच्या दवाखान्यात वारली. न्यूमोनिया. गाडीनं गावी आणली तेव्हा गाव रिकामं. धडधाकट माणसं तोडीला गेलेली, मागं म्हातारी आणि ज्यांच्याकडं अजून गाई टिकल्या होत्या ती चार घरं. खांदेकरी जमवता जमवता दुपार झाली. बांबू मिळाले, कडबा मिळाला, मडकं मिळालं. तिरडी बांधायला सुतळी मिळेना. गावातलं दुकान बंद, मालकही तोडीवर. निळ्या दोऱ्या होत्या, पण त्या गाईंच्या गळ्यात. वापरलेली दोरी तिरडीला चालत नाही. कुणी तालुक्याला जायला निघालं.

मावशी गोठ्यात गेली आणि पोतं ओढत बाहेर आली. माझ्यापुढं ते रिकामं केलं. एक्केचाळीस दावी. इतक्या दिवसांत त्यांना खरी धूळही बसली होती.

"हीच घ्या," ती म्हणाली. "तिरडीला कोरी दोरी लागती. ही कोरीच हायती. कशाच्या गळ्यात पडली न्हाईती."

तिथं जमलेल्यांपैकी कुणी मान वर केली नाही. दोन वर्षांत ती दावी नवी आहेत हे गावात पहिल्यांदा माझ्यासमोर बोललं गेलं होतं, आणि तेही सोय म्हणून. मी खाली बसलो, एक दावं उचललं आणि बांबूला गुंडाळलं. नुकत्याच केलेल्या आंघोळीनं हात ओला होता, त्याला चहाचा रंग लागला. पीळ सुलटा होता, गाठ एका झटक्यात बसली.